पोहणे कुणी थांबवायचे? सोबतच्या बोटीविषयी

लांब पल्ल्याचे सागरी पोहणे ठरले की वर्षभर सराव चालतो, आहार ठरतो, थंड पाण्याची सवय केली जाते, आणि बोटीचा विचार मात्र पुष्कळदा शेवटच्या महिन्यावर येऊन पडतो. बोट मिळाली, चालवणारा अनुभवी आहे, लाइफजॅकेट आहेत, एवढ्यावर समाधान मानले जाते. मी स्वतः पोहते, पण अलीकडे पाण्यापेक्षा बोटीवरच माझा अधिक वेळ जातो, आणि तिथे बसून माझे एक मत पक्के झाले आहे. सोबतची बोट ही केवळ बुडणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी नसते. अनेक तास गार पाण्यात राहिलेल्या माणसाचे स्नायू थकतात तेव्हा ते त्याला जाणवते. त्याची विचारशक्ती मंदावते तेव्हा मात्र ते त्याला मुळीच जाणवत नाही. त्या वेळी त्याच्या वतीने विचार करण्याची आणि वेळ आल्यास त्याच्या इच्छेविरुद्ध निर्णय घेण्याची जबाबदारी बोटीची असते, आणि बोटीची निवड, तिच्यावरची माणसे, त्यांच्या पाळ्या हे सारे या एका जबाबदारीला धरून ठरवायला हवे.

बोट सोबत ठेवण्याची प्रथा या खेळाइतकीच जुनी आहे. १८७५ च्या ऑगस्टमध्ये मॅथ्यू वेब इंग्लिश खाडी पोहून गेला तेव्हाही त्याच्यासोबत होड्या होत्या. त्याला २१ तास ४५ मिनिटे लागली, आणि फ्रान्सचा किनारा दिसू लागल्यावरही प्रवाहाने त्याला काही तास किनाऱ्याला लागू दिले नाही. पुढे १९२७ मध्ये या खाडीतल्या पोहण्यांवर देखरेख ठेवणारी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि हळूहळू आजची घडी बसली. बोट चालवणारा पायलट हा त्या पाण्याचा जाणकार असतो, निरीक्षक नियमांचे पालन पाहतो व नोंदी ठेवतो, आणि पोहणाऱ्याची स्वतःची माणसे खाणेपिणे व धीर देण्याचे काम सांभाळतात. या तीन भूमिका वेगळ्या ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. आई, भाऊ किंवा प्रशिक्षक यांच्यावर थांबवण्याचा निर्णय सोपवला, तर ते एकतर फार लवकर घाबरतात किंवा वर्षभराच्या कष्टांकडे पाहून फार उशीर करतात.

बोट कशी असावी, याबद्दल बाहेरच्या माणसाची कल्पना बहुधा उलटी असते. वेगवान आणि मोठी बोट सुरक्षित, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पोहणारा ताशी तीन-चार किलोमीटरच्या वेगाने जात असतो, आणि बऱ्याच बोटींचे इंजिन सर्वांत कमी गतीवर ठेवले तरी त्या याहून पुढे पळतात. मग पायलटला तासन्‌तास गिअर टाकत आणि काढत राहावे लागते. गिअर काढला की बोट वाऱ्याबरोबर वळू लागते, सुकाणूचा ताबा सुटतो, आणि पुन्हा गिअर टाकून तिला सरळ करावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यासाठी संयमी माणूस लागतो. मासेमारीत मुरलेला उत्तम नाविकसुद्धा पहिल्या खेपेस यात चिडतो, म्हणून मुख्य दिवसाच्या आधी त्याच बोटीसोबत दोन-तीन तासांचा सराव केल्याशिवाय निघू नये असे मी आग्रहाने सांगते. दुसरी गोष्ट बाजूंच्या उंचीची. पाण्यापासून डेक उंच असेल तर निपचित पडलेल्या माणसाला वर घेणे दोघातिघांनाही जमत नाही. शिडी असते, परंतु शिडी चढण्याइतके त्राण ज्याच्यात आहे त्याला वाचवण्याची घाई बहुधा नसते. मागे पाण्यालगत सपाट फळी असलेली बोट मिळाली तर तीच घ्यावी. मात्र बोटीला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखाही तिथेच असल्याने कुणालाही वर घेण्यापूर्वी इंजिन बंद झालेच पाहिजे.

पोहणाऱ्याने बोटीच्या कुठे राहावे, हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. साधारणपणे तो पायलटच्या केबिनच्या रेषेत, बाजूला काही मीटर अंतरावर असावा, म्हणजे पायलटला मान न वळवता दिसतो आणि तो पंख्याजवळही जात नाही. वाऱ्याच्या दिवशी बोट वाऱ्याच्या बाजूला ठेवली तर पोहणाऱ्याला आडोसा मिळतो, लाटांचा मार कमी होतो आणि तोंडात पाणी जात नाही. पण त्याच वाऱ्याने बोट त्याच्या अंगावर ढकलली जाते आणि डिझेलचा धूरही त्याच्याकडेच येतो. तासभर धूर श्वासात गेला तर डोके दुखू लागते, मळमळते, आणि सारे जण समुद्राच्या हेलकाव्यांना दोष देत बसतात. उलटी सुरू झाली की मी सर्वांत आधी धुराची दिशा पाहते. आणखी एक गोष्ट अशी की पोहणारा क्षितिजाकडे पाहून दिशा ठरवत नाही, तो प्रत्येक श्वासाला बोटीकडे पाहतो. बोट भरकटली तर तोही भरकटतो, आणि डोके वर काढून खात्री करण्याचे कष्ट त्याने घेऊ नयेत यासाठीच तर बोट आहे.

दिवसाची निवड पायलटची असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाण्याची ओढ कमी असते आणि उधाणाला ती जोर धरते, म्हणून लांब पोहण्यांसाठी बहुधा भांगाचे दिवस पाहिले जातात. इंग्लिश खाडीचे सरळ अंतर सुमारे ३३ किलोमीटर असले तरी साधारण दर सहा तासांनी प्रवाह फिरत असल्यामुळे प्रत्यक्ष मार्ग नागमोडी होतो आणि बराच लांबतो. निघण्याची वेळ चुकली तर शेवटच्या टप्प्यात, जेव्हा अंगात काहीच उरलेले नसते, तेव्हा ओढ विरुद्ध लागते.

आता खाण्याविषयी. खाणे देण्याची घटका ही तपासणीची घटका असते, आणि ही गोष्ट नव्या माणसांच्या ध्यानात येत नाही. दर अर्ध्या तासाने, किंवा जे ठरले असेल त्याप्रमाणे, पायलट गिअर काढतो, बाटली दोरीला बांधून पाण्यात फेकली जाते, पोहणारा बोटीला हात न लावता ती उचलतो, उताणा होऊन पितो आणि सोडून देतो. बोटीला किंवा माणसाला स्पर्श झाला तर पोहणे बाद ठरते, म्हणून दोरी नेहमी सैल हवी. ताणलेली दोरी म्हणजे ओढून घेतल्याचा आरोप. या मिनिटभरात बोटीवरच्या एका माणसाने बाटलीकडे मुळीच पाहू नये. त्याने पोहणाऱ्याच्या हाताच्या बोटांकडे पाहावे. झाकण उघडताना बोटे एकत्र येतात का, की करंगळी बाजूला फाकून हाताचा पंजा ताठ झाला आहे? ओठांचा रंग कसा आहे? बाटली तोंडाशी नेताना ती हनुवटीला लागते का? मागच्या वेळी चाळीस सेकंदांत संपलेले पिणे आता दोन मिनिटे का चालले आहे?

हातांची गती हा दुसरा आरसा आहे. दर मिनिटाला दोन्ही हात मिळून किती वेळा फिरतात हे मोजून नोंदवत राहिले की प्रत्येकाची स्वतःची लय पहिल्या दोन तासांत कळते. एका रात्रीच्या पोहण्यात मी नोंदी ठेवत होते. मुलीची गती चौसष्टवर स्थिर होती, मग साठ झाली, आणि पुढच्या तासात पंचावन्नवर आली. ‘‘कशी आहेस?’’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी ‘‘मस्त’’ असेच उत्तर येत होते, आणि त्या उत्तराला काहीच किंमत नसते, कारण ते विचार न करताही देता येते. म्हणून आधीच ठरवून ठेवलेला प्रश्न मी विचारला, ‘‘धाकट्या बहिणीचं नाव सांग.’’ ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘मस्त चाललंय.’’ पायलटने इंजिन बंद केले आणि आम्ही तिला वर घेतले. तिने विरोध केला, रडलीही. दुसऱ्या दिवशी तिला शेवटच्या तासातले काहीही आठवत नव्हते, बहिणीचा प्रश्नसुद्धा नाही.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे पाणी उबदार वाटले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पुरेसे तास मिळाले तर तेही शरीराला थंड करते. याखेरीज ज्या एका लक्षणावर चर्चाच करू नये ते म्हणजे धाप लागून येणारा खोकला आणि त्यासोबत फेसाळ, गुलाबीसर थुंकी. ते फुफ्फुसांत पाणी साठत असल्याचे चिन्ह आहे आणि तिथे पोहणे संपते. लोक शार्कबद्दल आधी विचारतात. मला थंडीची, पंख्याची आणि बोटीवरच्या पेंगुळलेल्या माणसांची चिंता कितीतरी अधिक वाटते.

थांबवण्याच्या अधिकाराविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो पोकळ नाही, हे मान्य करायला हवे. १९२५ मध्ये गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहत असताना प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या जलतरणपटूने तिला धरले आणि तिचा प्रयत्न बाद झाला. आपण थकलो नव्हतो, असे तिचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट १९२६ रोजी, खवळलेल्या समुद्रात तिला बाहेर येण्याचा आग्रह झाला असताना ती पोहत राहिली आणि खाडी पार करणारी पहिली स्त्री ठरली. तिचा वेळ त्याआधीच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी होता. म्हणजे बोटीवरचा माणूसही चुकू शकतो. पण यातून मी काढते तो अर्थ असा की निकष आधी लिहून ठेवावेत. हातांची गती अमुक इतकी घसरली, ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे लागोपाठ दोनदा आली नाहीत, वादळाची वीज दिसली किंवा धुक्यात पोहणारा दिसेनासा होऊ लागला, तर पायलट व निरीक्षक यांपैकी कुणाही एकाने थांबवावे, आणि त्या कागदावर पोहणाऱ्याने कोरड्या अंगाने, शांत डोक्याने सही करावी. पाण्यातून केलेली विनवणी त्या सहीपुढे टिकू नये.

रात्रीसाठी पोहणाऱ्याच्या टोपीवर आणि पाठीमागे असे दोन स्वतंत्र दिवे हवेत, कारण एक विझतोच. बोटीवर मात्र प्रखर झोत नको. त्याने पोहणाऱ्याचे डोळे दिपतात आणि पायलटलाही झोताबाहेरचे काही दिसत नाही. पाण्याबाहेर केवळ डोके असलेला माणूस रडारवर उमटत नाही, आणि मोठ्या जहाजाला थांबायला कित्येक किलोमीटर लागू शकतात. इंग्लिश खाडीचा सर्वांत अरुंद भाग असलेल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीतून दिवसाला चारशेहून अधिक जहाजे ये-जा करतात. तिथे तटरक्षकांना आधी कळवून, जहाजांच्या व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या चॅनलवर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या चॅनलवर, कान ठेवून आणि बोटीची जागा इतर जहाजांना कळवणारे एआयएस यंत्र चालू ठेवूनच बोट निघते. कमी वर्दळीच्या पाण्यातही हीच शिस्त पाळावी. नजर ठेवणारे दोघे असावेत आणि त्यांच्या पाळ्या आधीच लागलेल्या असाव्यात, कारण बोटीवरच्या माणसांना समुद्र लागतो आणि मग पाहायला कुणी उरत नाही.

अनेक जण एकत्र पोहतात तिथे धोका निराळा असतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे दहा किलोमीटरच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन गरम पाण्यात दगावला, आणि इतर स्पर्धक किनाऱ्यावर पोहोचून त्याची वाट पाहू लागले तेव्हा कुठे तो नसल्याचे लक्षात आले. त्यानंतर पाण्याच्या तापमानाला ३१ अंशांची वरची मर्यादा घालण्यात आली. ती योग्यच आहे, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते प्रत्येक पोहणाऱ्यामागे नजरेचा एक ठरलेला धनी असणे. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी, त्यासाठी उत्तम. तिला पंखा नाही, धूर नाही, ती हातभर अंतरावर राहू शकते. मात्र कयाकवरचा माणूस बेशुद्ध माणसाला फार तर आधार देऊन तरंगत ठेवू शकतो, वर घेऊ शकत नाही. म्हणून कयाकांच्या संख्येवर समाधान न मानता त्यांच्या शिट्टीच्या टप्प्यात इंजिनाच्या किती बोटी आहेत, हे आयोजकांना विचारावे.

शेवटच्या उथळ पाण्यात मोठी बोट जाऊ शकत नाही, तिथे रबरी होडीतून किंवा पोहत एक जण सोबत जातो. पाण्यातून बाहेर येणे हा स्वतंत्र धोका आहे. अंगावरचा पाण्याचा दाब एकाएकी नाहीसा होऊन रक्तदाब घसरतो, म्हणून थकलेल्या माणसाला शक्यतो आडवेच वर घ्यावे आणि आडवेच ठेवावे. ओले कपडे काढून कोरडे थर चढवावेत, वाऱ्यापासून आडोसा द्यावा. अंग चोळू नये, गरम पाण्याचा शॉवर देऊ नये. आतले तापमान बाहेर आल्यावरही काही वेळ घसरतच राहते, आणि नेमक्या याच वेळी बोटीवर अभिनंदन, छायाचित्रे आणि फोन सुरू झालेले असतात. परतीचा प्रवास दोन-तीन तासांचा असू शकतो. त्या पूर्ण वेळात पोहणाऱ्याजवळ बसून त्याचा श्वास व बोलणे तपासणारा एक माणूस मी निघण्यापूर्वीच नेमते, आणि पोहण्याच्या शेवटच्या दोन तासांत त्याला पाळीवरून काढून सक्तीने झोपायला पाठवते.