तुम्ही विचारलंत म्हणून: आयसिस अमेरिकेनेच काढली का?

आखातातून परत आलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, तिकडून सोनं किती आणलंत. आणि दोन, "तुम्ही तिकडे होतात, खरं काय ते सांगा, ती आयसिस अमेरिकेनेच काढली ना?" पहिल्याचं उत्तर मी बायकोलाही दिलेलं नाही. दुसरा मात्र लग्नात, ट्रेनमध्ये, सत्यनारायणाला, कुठेही येतो आणि विचारणाऱ्याला माझ्याकडून फक्त "हो" हवं असतं. नाही म्हणलं की शेजारचे दुसरे काका सरसावतात, "मग काय तर, त्यांच्या धर्मातच आहे ते", आणि त्यांनाही हो च हवं असतं. दोघांचंही समाधान करणं मला जमत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी कुवेतला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्सला होतो, 2003 च्या युद्धातही तिथेच. सायरन ऐकले, मार्चअखेर सूक शर्क मॉलजवळ इराकी मिसाईल पडलं तेव्हा शहरात होतो. पण म्हणून मला कुठली गुपितं माहीत आहेत असं अजिबात नाही, मी बिलं पास करायचो. अर्थात बिलांवरूनही बरंच कळतं. अमेरिकन कॅम्पना लागणारं पाणी, डिझेल, मेसचं सामान कुवेतहून इराकमध्ये ट्रकने जायचं आणि स्टिअरिंगवर आपला पंजाबी, केरळी, नाहीतर केनियन, इजिप्शियन माणूस असायचा. जुलै 2004 मध्ये दुसऱ्या एका कंपनीचे 3 भारतीय, 3 केनियन आणि 1 इजिप्शियन ड्रायव्हर ओलीस धरले गेले, सव्वा महिन्याने सुटले. त्याच आठवड्यात 12 नेपाळी कामगारांना मात्र मारून टाकलं. आमच्याकडचे ड्रायव्हर ते व्हिडिओ बघून दुसऱ्या दिवशी ट्रिपला निघायचे कारण एजंटचं कर्ज फेडायचं होतं. तेव्हापासून मी या विषयावर वाचत आलोय, एवढीच माझी लायकी.

तर उत्तर. नाही, अमेरिकेने आयसिस काढली नाही. कुठल्या ऑफिसात बसून कुणी फाईल उघडून चला आता एक खिलाफत काढू असं केलेलं नाही. पण जे केलं ते त्याहून काही फार बरं नाहीये.

आयसिसचा खरा मूळपुरुष अबू मुसाब अल झरकावी, त्याने इराकमध्ये उभी केलेली जिहादी टोळीच पुढे आयसिस झाली. जॉर्डनमधल्या झरका या कारखान्यांच्या शहरातला, तरुणपणी दारू, मारामाऱ्या, पोलीस रेकॉर्ड. 1989 मध्ये अफगाणिस्तानला पोचला तेव्हा रशियन निघून गेले होते, म्हणजे जिहादलासुद्धा उशिरा पोचलेला. मग जॉर्डनच्या तुरुंगात काही वर्षं, तिथे मकदिसी नावाच्या धर्मपंडिताच्या संगतीत पक्का झाला, आणि 1999 मध्ये नवे राजे गादीवर आले त्या माफीत सुटला. पुढे अफगाणिस्तानातलं हेरात, मग उत्तर इराकचे डोंगर. लक्षात घ्या, इथपर्यंत यात अमेरिकेचा काही संबंध नाही. आणि हा माणूस तेव्हा कुणाला माहीतही नव्हता. त्याला जगप्रसिद्ध कुणी केलं तर 5 फेब्रुवारी 2003 ला युनोमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी. सद्दाम आणि अल कायदा यांचं साटंलोटं आहे हे दाखवायला एक दुवा हवा होता, तो म्हणून झरकावीचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. तो तेव्हा बिन लादेनच्या संघटनेत रीतसर आलेलाही नव्हता, ती निष्ठेची शपथ त्याने ऑक्टोबर 2004 मध्ये घेतली. आणि सद्दामशी त्याचं साटंलोटं असल्याचं तर पुढे अमेरिकेच्या स्वतःच्या तपासातही सिद्ध झालं नाही.

मग मे 2003. सद्दामची सत्ता गेली होती, इराकचा कारभार बघायला अमेरिकेने नेमलेले पॉल ब्रेमर बगदादला आले आणि पहिल्या दोन आठवड्यांत दोन हुकूम काढले. 16 तारखेला सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढायचं, त्यात डॉक्टर, हेडमास्तरसुद्धा गेले, आणि 23 तारखेला अख्खं सैन्य बरखास्त. चार लाखांच्या आसपास माणसं एका सहीने घरी. सोसायटीने सगळे वॉचमन एका दिवसात काढावेत, पगार बुडवावा, आणि किल्ल्या न् काठ्या त्यांच्याकडेच राहू द्याव्यात, तसला प्रकार. फक्त इथे काठ्या नव्हत्या, देशभर दारूगोळ्याची गोदामं होती आणि त्यावर पहारा नव्हता.

ऑगस्टमध्येच झरकावीचे बॉम्बहल्ले सुरू झाले. 7 तारखेला जॉर्डनची वकिलात, 19 ला युनोचं कॅनाल हॉटेल, त्यात युनोचे इराकमधले दूत सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासकट 22 माणसं गेली, 29 ला नजफमध्ये इमाम अलींच्या दर्ग्याबाहेर शिया नेते आयातुल्ला बाकिर अल हकीम. तीन आठवड्यांत तीन टार्गेट आणि त्यात एकही अमेरिकन तळ नाही. झरकावीचा हिशोब साधा होता. शियांना इतकं मारायचं की ते सुन्नींवर उलटतील, मग घाबरलेले सुन्नी आपल्याकडेच येतील. 2005 मध्ये खुद्द जवाहिरीने त्याला पत्र लिहून समजावलं की बाबा मशिदी उडवू नकोस, गळे कापल्याचे व्हिडिओ टाकू नकोस, लोक आपल्यापासून तुटतायत. अल कायदाचा नंबर दोन ज्याला आवर घाल म्हणतो त्या माणसाची कल्पना करा. त्याने ऐकलं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये अम्मानच्या हॉटेलांत स्फोट, त्यातल्या एका हॉटेलात लग्न चालू होतं, मेले ते बहुतेक जॉर्डनचे मुसलमान.

आता बुक्का कॅम्प. हा उम्म कस्र बंदराजवळ, कुवेतच्या सीमेला लागूनच, पकडलेल्या इराकींसाठी अमेरिकेने चालवलेला तुरुंग. 2007 च्या सुमाराला 20 हजारांहून जास्त माणसं आत होती. त्यात पक्के जिहादी होते, सद्दामचे बेकार अफसर होते, आणि शेजाऱ्याच्या चहाडीवरून उचललेले साधे लोकही होते, सगळे एकत्र. पुढे आयसिसचा प्रमुख झालेला अबू बकर अल बगदादी 2004 मध्ये काही महिने इथेच होता आणि किरकोळ म्हणून सुटला. हा सद्दामच्या काळातल्या युनिव्हर्सिटीतून कुराणाच्या अभ्यासात डॉक्टरेट केलेला. आणि त्याच्यासाठी सिरियातलं संघटन उभं करणारा हाजी बक्र हा सद्दामच्या हवाई संरक्षण दलात कर्नल होता. म्हणजे एकाकडे धर्मशास्त्र, दुसऱ्याकडे खबरी, याद्या, खंडणी, कुठल्या गावात कुणाला फोडायचं याचं शिस्तशीर ज्ञान. (सगळं बाथवाल्यांनीच केलं असंही नाही हं, सद्दामनेच 1993 पासून सरकारी खर्चाने धार्मिकता वाढवायची मोहीम काढली होती, कित्येक अफसर त्यातच बदलले होते.)

"धर्मातच आहे" वाल्या काकांना मी इथे थांबवतो. आयसिसचा इस्लामशी काही संबंधच नाही असं मी म्हणत नाही, ते म्हणणं मला भाबडं वाटतं, यझिदी (उत्तर इराकमधला एक छोटा, वेगळ्या धर्माचा समाज) बायकांना गुलाम करताना त्यांनी धार्मिक आधार देऊन लेखी नियम काढले होते. पण मग इराकमधले बाकीचे इस्लामवाले कुठे बसवणार? 2006 ते 2014 पंतप्रधान असलेले नूरी अल मलिकी ज्या दावा पक्षाचे तो शिया इस्लामी पक्षच आहे. सुन्नी बाजूची इराकी इस्लामिक पार्टी मुस्लिम ब्रदरहुड या जुन्या इस्लामी संघटनेच्या घराण्यातली, ती निवडणुका लढवत होती, अमेरिकनांशी बोलत होती. आणि झरकावीने जानेवारी 2005 मध्ये निवडणुकीविरुद्धच युद्ध पुकारलं, मत देणं म्हणजे धर्मद्रोह. तिघेही धर्माचं नाव घेऊन राजकारण करत होते आणि तिघे एकमेकांच्या जिवावर उठलेले.

कुवेतवाल्यांना यातली एक गोष्ट विशेष खुपते. डिसेंबर 1983 मध्ये कुवेतमध्ये अमेरिकन आणि फ्रेंच वकिलातींवर स्फोट झाले, ते दावा पक्षाच्याच लोकांनी केले. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला, पण हाती न लागलेला अबू महदी अल मुहंदिस 2005 मध्ये इराकचा खासदार झाला! 2014 नंतर आयसिसविरुद्ध लढणाऱ्या शिया फौजांचा मोठा म्होरक्या, म्हणजे वरून अमेरिकन विमानं आणि खाली तो. आणि जानेवारी 2020 मध्ये इराणी सेनापती सुलेमानींबरोबर बगदाद विमानतळावर अमेरिकन ड्रोननेच मेला. अतिरेकी, खासदार, सोबती, टार्गेट, एकच माणूस.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो कुणी विचारत नाही. 2006-07 मध्ये उठाव झाला आणि 2008 पर्यंत हे बरंचसं थांबलं होतं. खरंच थांबलं होतं. अन्बार प्रांतातले सुन्नी टोळीवाले झरकावीच्या लोकांना कंटाळले, कारण ते शेखांना मारत होते, त्यांच्या मुली मागत होते, सिगरेटवर बंदी घालत होते आणि (हे तितकंच महत्त्वाचं) जॉर्डन रोडवरचा त्यांचा स्मगलिंगचा धंदा खात होते. रमादीच्या अब्दुल सत्तार अबू रिशा नावाच्या तरुण शेखने उठाव केला, अमेरिकनांनी या वेळी शहाणपणाने त्याला साथ दिली, महिना 300 डॉलरच्या आसपास पगार, माणसं वाढत वाढत लाखाच्या घरात गेली. त्यांना सहवा म्हणायचे. अबू रिशा सप्टेंबर 2007 मध्ये बुशना भेटला आणि दहा दिवसांत बॉम्बने मारला गेला, तरी चळवळ टिकली. अल कायदावाले, म्हणजे झरकावीचीच माणसं, पार कोपऱ्यात गेले, 2010 मध्ये त्यांचे वरचे दोघे एका छाप्यात संपले, म्हणून तर म्होरकेपदी बगदादीचा नंबर लागला. ज्यांनी हे केलं ते सुन्नी मुसलमानच होते, काका.

आणि मग ते सगळं घालवलं. सहवाची जबाबदारी मलिकींकडे दिली, पाचातल्या एकाला सैन्यात-पोलिसात घेऊ असं ठरलेलं, तेही पुरतं झालं नाही, पगार रखडले, काहींना तर अटक. 2010 च्या निवडणुकीत माजी पंतप्रधान इयाद अल्लावींच्या आघाडीला 91 जागा, मलिकींना 89. सुन्नींनी बहिष्कार सोडून भरभरून मत दिलेलं, त्यांची आघाडी पहिली आली, आणि तरी मलिकीच पंतप्रधान, वॉशिंग्टनलाही तेच सोयीचं आणि तेहरानलाही. डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकन सैन्य निघालं आणि लगेचच सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल हाशिमींवर वॉरंट निघालं. सुन्नी माणसाने यातून काय शिकायचं होतं? बंदूक उचलली तर बुक्का, मत दिलं तर हे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 10 जून 2014, उत्तर इराकमधलं मोसुल शहर आयसिसच्या हातात. समोर कागदावर हजारो सैनिक, पण अकाउंट्सवाल्या माणसाला यातलं एक जास्त लागतं: त्याच वर्षाअखेर नवे पंतप्रधान अबादी यांनी सांगितलं की पगारपत्रकावरचे 50 हजार सैनिक अस्तित्वातच नाहीत. 2 हजार कोटी डॉलरच्या वर खर्चून उभं केलेलं सैन्य, आणि मस्टरवर भुतं. ज्यांनी शहर घेतलं त्यांनी तिक्रीतजवळ स्पायकर कॅम्पमधली 1,700 च्या आसपास शिया पोरं मारली, ऑगस्टमध्ये सिंजारला यझिदींवर आले. मोसुलमध्ये कामाला असलेले आपले 39 मजूर, बरेचसे पंजाबचे, तेही गेले, त्यांच्या घरच्यांना नक्की बातमी कळायला मार्च 2018 उजाडला. आणि कल्याणची चार शिकलेली पोरं मे 2014 मध्ये यात्रेकरूंच्या ग्रुपबरोबर बगदादला उतरली आणि आयसिसकडे पळाली. त्यांचं काय बिनसलं होतं ते अमेरिकेच्या नावावर घालता येत नाही. फोनवर काय काय येत होतं, कोण बोलत होतं, घरात कुणाला का कळलं नाही, हे प्रश्न कल्याणचेच आहेत.

म्हणून "अमेरिकेनेच काढली" हे मला पटत नाही. त्यात झरकावी, बगदादी, मलिकी, सगळे सुटतात, जणू त्यांना डोकंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे अमेरिकाही सुटते, कारण मग ती फार हुशार, सगळं ठरवून करणारी वाटते. माझ्यासमोर जी बिलं यायची त्यात हुशारी दिसली नाही हो. कॅम्पमध्ये आईस्क्रीम वेळेवर पोचेल याची चोख व्यवस्था होती, पण फलुजा शहराचा कारभार उद्या कोण बघणार याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. प्रत्येक वेळी एक मोठा माणूस मारायचा, पत्रकार परिषद घ्यायची, झरकावी 2006 मध्ये, बगदादी ऑक्टोबर 2019 मध्ये, आणि त्या गावात पोलीस कुणाचा, कोर्ट कुणाचं, पगार कोण देणार, हे सोडून द्यायचं.

सध्या लोक सिरियाबद्दल विचारतात, तर तेही सांगून टाकतो. अहमद अल शरा, म्हणजे आधीचा जोलानी, 2003 मध्ये अमेरिकनांशी लढायला इराकला गेला होता, बुक्कासकट अमेरिकनांच्या तुरुंगांत राहिला, बगदादीनेच त्याला 2011 मध्ये सिरियात पाठवलं, मग 2013 मध्ये बगदादीशी फाटलं, 2016 मध्ये अल कायदाशी. अमेरिकेने त्याच्यावर 1 कोटी डॉलरचं बक्षीस लावलं होतं, डिसेंबर 2024 मध्ये तो सत्ता घेऊन दमास्कसला पोचल्यावर ते काढलं. मे 2025 मध्ये रियाधला ट्रम्पनी हात मिळवला, नोव्हेंबरमध्ये व्हाईट हाऊस, आणि सिरिया आयसिसविरोधी आघाडीत सामील. हा माणूस बदलला का, मला विचारू नका. मार्च 2025 मध्ये किनाऱ्यावर अलावींची कत्तल झाली, जुलैमध्ये दक्षिणेतल्या स्वैदात द्रूझांची (दोन्ही तिथले अल्पसंख्य समाज), दोन्ही त्याच्या राज्यात, काही त्याच्याच फौजेतल्या माणसांच्या हातून. विचारायचं तर त्या लोकांना विचारा.