‘अा’ आणि ‘आ’

मिरजेच्या एका डीटीपीवाल्या दादांचा मेसेज आला, “ताई, तुमचं कन्व्हर्टर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. पायथन २ कुठून आणू?” कणीक मळत होते, कोपरानेच फोन बाजूला सारला. प्रश्न मात्र पोळ्या होईपर्यंत डोक्यात होता.

ते कन्व्हर्टर म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक लायब्ररी, इतरांना वापरता येईल असा तयार कोड. ती मी २०१० साली मामाच्या डीटीपीच्या दुकानात बसून लिहिली. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत आणायचा, एवढंच तिचं काम. कृतिदेव ज्यांनी वापरला नाही त्यांच्यासाठी सांगते: फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. ‘मराठी’ हा शब्द आत ई-जे-के-बी-एच असा बसलेला असतो. पहिली वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते, म्हणून उचलून पलीकडे न्यायची. रफाराचं नेमकं उलट. एकेका जोडाक्षरावर मामाशी वाद घालून तक्ता पुरा केला होता.

पायथन २ या जुन्या आवृत्तीचा आधार, म्हणजे तिच्या दुरुस्त्या, १ जानेवारी २०२० ला संपला. तेव्हा मी “दिवाळीत बघू” म्हटलं होतं. कुठल्या दिवाळीत ते सांगितलं नव्हतं.

शनिवारी लायब्ररी पायथन ३ वर न्यायला बसले. प्रिंटला कंस घातले, एन्कोडिंगची जुनी जळमटं काढली, तासाभरात लायब्ररी चालायला लागली. चहा टाकला आणि दादांनी पाठवलेली एक फाइल त्यातून काढली. दिसायला अगदी स्वच्छ. सहज ‘आज’ शोधला. शून्य. पहिल्याच ओळीत ‘आज’ डोळ्यांसमोर दिसतोय आणि शोधात शून्य!

झालं होतं असं. कृतिदेवमध्ये ‘व्ही’ म्हणजे अ, ‘के’ म्हणजे काना, आणि दोन्ही मिळून आ. बदलताना लांब जोडी आधी घ्यायला हवी. मी डिक्शनरीत, म्हणजे कोडमधल्या ‘याच्या जागी ते’ अशा यादीत, एकेकटी अक्षरं वर लिहिली होती आणि जोड्या खाली. पायथन २ ची डिक्शनरी आपला क्रम पाळायचीच नाही, स्वतःच्या हिशोबाने लावायची, आणि तो हिशोब नशिबाने माझ्या सोयीचा निघाला होता. पायथन ३.७ पासून लिहिलेला क्रम पाळला जातो. म्हणजे आता ती माझं ऐकत होती, आणि मी चुकीचं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ‘आ’ ऐवजी अ आणि काना असे दोन तुकडे शेजारी बसले. डोळ्यांना फरक कळत नाही, शोधाला कळतो.

हे एका ओळीत सुधारतं. अडले पुढे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. मी २०१० सालीही अ वर चंद्र ठेवूनच काम भागवलं होतं. ‘दुसऱ्या’तल्या ऱ्याचीही अशीच दोन रूपं. आता हे दुरुस्त केलं तर नव्या फाइली एक बोलणार, लोकांकडच्या जुन्या फाइली दुसरंच. नाही केलं तर चूक वाढवत न्यायची. आणि तपासायला चाचणी? एकही लिहिलेली नव्हती. वीस-बावीस वर्षांच्या वयात माणसाला आपल्या कोडची भलतीच खात्री असते.

लायब्ररी बंद पडली असती तर कुणीतरी लगेच बोंब मारली असती. ही चुकीचं काढत असताना कुणाला पत्ताच लागला नाही. म्हणून निवृत्त केली. पुसली मात्र नाही; २०१६ साली ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून टाकल्यावर किती जणांची कामं अडली ते आठवतंय. जुनी आवृत्ती होती तशी ठेवली, माहितीच्या पहिल्याच ओळीत ‘वापरू नका, कारण असं’ लिहिलं. तक्ता तेवढा वेगळा काढला, लांब जोड्या वर, साध्या फाइलीत. मामाशी घातलेले वाद त्यातच आहेत. कोड कुणीही लिहील.

दादांना जुन्या फाइलींसाठी ‘शोधा आणि बदला’ची दोन-तीन वाक्यं पाठवली. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या जाहीर नोटिसा आहेत. संध्याकाळी फोन आला, “ताई, सगळं बदललं म्हणतोय, पण काहीच बदललेलं दिसत नाही.”

“आता ‘ॲड.’ शोधा.”

थोडा वेळ नुसता की-बोर्डचा आवाज. मग म्हणाले, “अहो, सगळे वकील सापडले की!”