मुंगी घाटाने वर, गाडीरस्त्याने खाली : सोलापूरहून एका दिवसात शिखर शिंगणापूर

सोलापूरकराला डोंगर बघायचा तर गाव सोडावं लागतं. आपला किल्लासुद्धा भुईकोट, त्याच्या बुरुजावर उभं राहिलं तरी चढ म्हणून काही नजरेत येत नाही. त्यामुळे आमच्याकडे ट्रेक म्हटलं की रात्रीची पुण्याची गाडी आणि सोमवारची रजा हे ठरलेलंच. पण आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात, शंभू महादेवाच्या डोंगररांगेची भिंत उभी आहे. त्या भिंतीच्या वर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं शिखर शिंगणापूर आणि पायथ्याला आपलं कोथळे. दोन्हींना जोडणारी पायवाट म्हणजे मुंगी घाट. ही वाट दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी आम्ही तिघांनी केली : मी, माझा चुलतभाऊ आणि ६४ वर्षांचे आमचे काका.

काका विशीत असताना चैत्रातल्या यात्रेत देवासाठी पाणी नेणाऱ्या कावडीबरोबर हा घाट चढलेले. जाऊ का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "चढायचं काय, चढतो मी. उतरायचं कसं ते सांग आधी."

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. आपण बेत आखतो तो माथ्यापर्यंतचा. उतार आपोआप होईल असं धरून चालतो, आणि गुडघे नेमके तिथेच जातात. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन तोलून धरत असतो. चढताना दम लागतो, पण दोन मिनिटं बसलं की श्वास जागेवर येतो. उताराने थकलेली मांडी बसून भरून येत नाही. त्यात मुंगी घाटातला सुटा मुरूम आणि गोटे. म्हणून आल्या वाटेने उतरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. खडी वाट सकाळी चढायची, देवदर्शन करायचं आणि नातेपुत्याकडे जाणाऱ्या गाडीरस्त्याने रमतगमत खाली यायचं. गाडी कोथळ्यातून भाच्याने फिरवून या गाडीरस्त्याच्या पायथ्याशी आणायची, कारण तिथून कोथळ्यापर्यंतचा सपाटीवरचा शेवटचा तुकडा भर दुपारी डांबरावरून चालण्यात काही राम नाही. चालून वर्तुळ पूर्ण झालंच पाहिजे असा हट्ट कशाला?

वेळेचा हिशोब मी नेस्मिथच्या ठोकताळ्याने केला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला : ५ किलोमीटर सपाट चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा आकडा धडधाकट माणसाचा, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. काकांसाठी मी तो सरळ दुप्पट केला. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने बेत आखला की कुणालाच घाई होत नाही. शिवाय एक वेळ पक्की केली : १० वाजेपर्यंत माथा दिसला नाही, तर असू तिथे सावलीत बसायचं आणि पुढचं तिथेच ठरवायचं. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. झाडी विरळ, बाभळी आणि हिवर, आणि ऑक्टोबरचं ऊन मे महिन्याची आठवण करून देणारं. प्रत्येकी ३ लिटर पाणी घेतलं आणि ते पुरलं, थोडंसुद्धा उरलं नाही. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदे. कडक भाकरी चार दिवस टिकते, पिशवीत दबत नाही, सांडत नाही. मोडलीच तर मोडलेलीच खायची असते.

पहाटे ३ ला निघालो. मोहोळ, पंढरपूर, वेळापूर, माळशिरस. पंढरपूरपासून पुढे हा माउलींच्या पालखीचा रस्ता उलटा चालत जायचा. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, अंधारात सरलं. कोथळ्यात पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं आणि डोंगराची कड नुकती दिसायला लागली होती.

सुरुवात सोपी. तरवडाची पिवळी फुलं, चंडोलाची शीळ, आणि गुडघ्याएवढं पिकलेलं कुसळीचं गवत. या कुसळाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण त्याने आमचा अर्धा तास घेतला. अर्ध्या तासात तिघांचे पायमोजे तपकिरी झाले. एक कुसळ उपटून हातावर घेतलं. पुढे टोकदार बी, त्यावर मागे वळलेली बारीक लव आणि मागे दोरीसारखा पिळलेला केस. काकांनी त्यावर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले. पीळ सुटायला लागला आणि कुसळ तळहातावर स्वतःभोवती हळूहळू फिरू लागलं. पावसाने भिजलं की असंच फिरत ते बी जमिनीत रुतून बसतं, आणि घामाने ओल्या झालेल्या पायमोज्यातही. लव मागे वळलेली असल्यामुळे पुढे जातं, मागे येत नाही. या दिवसांत जाणार असाल तर घोट्यावर जाड कापड गुंडाळा, किंवा पँट बुटाच्या वरून घ्या.

याच गवतात आमची वाट चुकली. शेरडांच्या वाटा इतक्या, की प्रत्येक वाट खरी वाटते. पाच-दहा मिनिटं आडवं चालल्यावर वरून हाक आली. शेळ्या घेऊन बसलेल्या एक आजी होत्या. "आवं, तिकडं कुठं निघालाय? ती शेरडांची वाट. त्या काळ्या धोंड्याच्या अंगानं वर या." आम्ही वर गेलो. काकांनी त्यांना भाकरी-चटणी दिली. आजींनी चटणीचा वास घेतला आणि "सोलापूरची," एवढंच म्हणाल्या.

त्याच्यावर खरा मुंगी घाट. हात टेकवावे लागतील असे टप्पे, खडकात झिजलेल्या पायऱ्यांसारख्या खाचा. चैत्र शुद्ध द्वादशीला याच वाटेने कावडी चढतात, सासवडची भुतोजी तेल्याची मानाची कावडसुद्धा. माणसांची साखळी करून, हातावर हात देत, "हर हर महादेव" करत त्या वर नेतात. लांबून मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. एका वळणावर काका थांबले. खडकातल्या खाचेत उजवा पाय रोवून, डावा हात मागे पसरून उभे राहिले. "इथं होतो मी. मागून कावड आली की वर ढकलायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. ऊन असलं, की खडकाला हात लावू देत नाही. पण कावड खाली टेकवायची नाही." चुलतभावाने फोन काढला होता, तो त्याने खिशात ठेवून दिला. आम्ही तिघं तिथे बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

पावणेदहाला माथा आला. मागे वळून पाहिलं तर उसाचे हिरवे चौकोन आणि त्यांच्या पलीकडे धुरकट होत गेलेला आपला सपाट जिल्हा.

देवळाबद्दल थोडंच लिहितो. यादवांच्या सिंघण राजावरून गावाला नाव पडलं असं सांगतात. भोसले घराण्याचं हे कुलदैवत, आणि इथलं तळं मालोजीराजांनी बांधलेलं. गाभाऱ्यात लिंगं दोन, शिव आणि शक्ती. गर्दी फार नव्हती, सोमवार टाळला त्याचा फायदा झाला. जवळच बळीचं, म्हणजे अमृतेश्वराचं देऊळ आहे, तिथे मात्र नक्की जा. तिथल्या दगडी मंडपात इतका गारवा होता की बाहेर यावंसं वाटेना.

उतार ठरवल्याप्रमाणे रस्त्याने. वळणं लांब, पाऊल सपाट पडतं, काका पुढे आणि आम्ही मागे. डांबर तापलं होतं आणि सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे हा टप्पा कंटाळवाणा आहे हे खरं. पण गुडघे शाबूत राहिले. पायथ्याला भाचा बाभळीखाली गाडी लावून झोपला होता.

काका मागच्या सीटवर बसले, पायमोजे काढून मांडीवर घेतले आणि एकेक कुसळ पुढच्या बाजूने ओढून काढायला लागले. वेळापूर येईपर्यंत एक मोजा साफ झाला होता. दुसरा हातात घेताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी चैत्रातली द्वादशी कुठल्या वारी येते रे? बघून ठेव, रजा टाकायला."