गॅलरीचे गज दोन इंच खाली

मे महिन्यात सोलापुरात स्लॅब टाकायचा तर पहाटेच. जुळे सोलापुरातल्या त्या घराचा स्लॅब साडेपाचला सुरू व्हायचा होता. साधारण १,००० चौरस फूट, ५ इंच जाडी, बीम धरून अंदाजे १५ घनमीटर माल, म्हणजे काँक्रीट. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे ८ पोती धरली तर १२० पोती सिमेंट. एका पोत्याचा मिक्सर तासाला वीसेक वेळा खाली होतो, म्हणजे सहा तासांचं काम. साडेअकराला शेवटचं घमेलं पडलं की ऊन पुरतं तापायच्या आत मोकळे, असा हिशोब.

पावणेपाचला टॉर्च आणि टेप घेऊन वर चढलो. खाली माल वर चढवणारा लिफ्ट मिक्सर उभा होता, माणसं चहा पीत होती, घराच्या मालकीण काकूंनी मिक्सरला हळदकुंकू लावून नारळ काढून ठेवला होता.

तपासणी मी गॅलरीपासून सुरू करतो. खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी टेकलेला असतो. त्यात काही कमी पडलं तर तो आधी झुकतो, तडे दाखवतो, भार इकडचा तिकडे सरकवतो. गॅलरीला एकच आधार. तो सुटला की सावरायला दुसरं काही नाही.

आणि गॅलरीत गज उलट्या बाजूला लागतात. खोलीचा स्लॅब मधे खाली वाकायला बघतो, त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य गज खाली. गॅलरी म्हणजे खांद्यातून आडवा धरलेला हात; ती टोकाला खाली वाकते आणि भिंतीजवळ तिची वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब घेतं, ताण घेत नाही. म्हणून इथे मुख्य गज वरच हवेत. खाली गेलेला गज गॅलरीत नुसतं वजन म्हणून पडून राहतो.

त्या घराची गॅलरी ४ फूट बाहेर, १४ फूट लांब. ड्रॉइंगमध्ये १० मिमीचे गज ६ इंचांवर, म्हणजे २९ गज; आणि प्रत्येक गज खोलीत ६ फूट आत. गॅलरी जेवढी बाहेर तिच्या दीडपट आत, हा नेहमीचा नियम. गजांची जाडी आणि अंतर तुमच्या ड्रॉइंगमध्ये वेगळं असेल, ते डिझाइन करणाऱ्याकडूनच घ्या. पण टेप लावायची जागा सगळीकडे एकच: बीमच्या बाहेरच्या कडेला लागून, जिथून गॅलरी सुरू होते तिथे. टेप प्लेटवर, म्हणजे माल ज्यावर ओततात त्या साच्यावर, उभी धरायची आणि वरच्या गजाच्या मध्यापर्यंत वाचायचं. ५ इंची स्लॅब म्हणजे १२५ मिमी. वरून २० मिमी कव्हर, म्हणजे गज झाकणारा काँक्रीटचा थर, आणि अर्धा गज सोडला की १०० मिमी उरतात. म्हणजे ४ इंच.

टेपवर २ इंच आले. पुढच्या गजाला सव्वादोन. मधे तीन-चार गजांना दीडच.

गज असा निम्म्यावर आला की गॅलरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि ती झुकते तीन-चार पट जास्त. वरून हे कधीच कळत नाही. एकदा माल पडला की बरोबर आणि चूक दोन्ही गॅलऱ्या सारख्याच गुळगुळीत दिसतात.

गज बांधणाऱ्या फिटरला वर बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, काल चारला तुमच्या माणसाला दाखवूनच गेलोय की ओ. वरच होते गज." खोटं बोलत नव्हता. त्याच्यानंतर संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला होता. पंख्यांच्या डब्या बसवल्या, पाइप टाकले, आणि गॅलरीतल्या दिव्याचा पाइप न्यायला दोघं जण त्या गजांवरून तासभर नाचले. वरचे गज उचलून धरणाऱ्या खुर्च्या ८ मिमीच्या, त्याही चार-चार फुटांवर. आडव्या पडल्या. बहुतेक साइटवर हाच क्रम असतो: फिटर, तपासणी, मग इलेक्ट्रिशियन. तपासणी इलेक्ट्रिशियन उतरल्यावर, आदल्या संध्याकाळी उजेड असताना करायची, आणि त्यानंतर शिडी काढून घ्यायची. हे लिहिताना हसू येतं, पण शिडी काढणं हाच खरा उपाय आहे.

दुसरी चूक मात्र फिटरचीच. टेप आत नेली तर काही गज खोलीत साडेतीन फुटांवरच संपलेले. कारण कटिंगमध्ये. गज १२ मीटरचा येतो, म्हणजे ३९ फुटांच्या थोडा वर. वाकणासकट एक तुकडा साडेदहा फुटांचा. एका गजातून तीन निघतात आणि पावणेआठ फुटांचा एक उरतो. तो उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून त्याने दर तीन गजांनंतर चौथ्या जागी लावला. असे सात गज. वरून बघितलं तर संख्या पूर्ण, २९ पैकी २९.

"उगं भंगारात कशाला घालायचं म्हणून लावलालो ओ," फिटर म्हणाला. त्याचा हेतू मालकाचे पैसे वाचवायचाच होता. सात नवे तुकडे साडेदहा फुटांचे, म्हणजे साडेत्र्याहत्तर फूट. १० मिमीचं वजन मीटरला ०.६१७ किलो, तर सगळे मिळून १४ किलो. हजारभर रुपयांचं लोखंड. आणि पावणेआठ फुटांचे तुकडे दारा-खिडकीवरच्या लिंटलमध्ये, छज्ज्याच्या आडव्या गजांत कुठेही खपतात.

आता सहा वाजत आले होते. ठेकेदाराचं म्हणणं, फिटर गॅलरी नीट करेल तोवर आपण मागच्या खोल्या भरत येऊ. ऐकायला ठीक वाटतं. पण गॅलरीचे गज पुढच्या खोलीत सहा फूट आत जातात. माल तिथवर आला आणि गज तयार नसले तर काम थांबणार, अर्ध्या-पाऊण तासात पहिला माल घट्ट व्हायला लागणार आणि नेमका सांधा पडणार गॅलरीच्या मुळाशी. स्लॅबमध्ये सांधा द्यायची वेळ आलीच तरी तो या रेषेवर कधीच नको. शिवाय घाई लागली की फिटर गज उचलून नुसता अडकवतो, बांधत नाही.

दुरुस्तीला तीन तास. नऊला सुरू केलं तर भरणा तीनपर्यंत, भर उन्हात. तेव्हा प्लेटा हाताला चटका देतात, खडी तापलेली असते, माल मिक्सरमधून निघून वर पोचेपर्यंत कोरडा पडतो आणि गडी पाणी ओतायला लागतात. म्हणून सांगितलं, स्लॅब संध्याकाळी पाचला. सिमेंटचं एकही पोतं फोडलेलं नव्हतं, नुकसान होतं ते अर्ध्या दिवसाच्या जादा मजुरीचं. ती कोणी द्यायची यावर ठेकेदार आणि मालक यांच्यात जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. मुहूर्ताचं काय, असं काकूंनी विचारलं. नारळ साडेपाचला फुटलाच होता, मुहूर्त पाळला गेला, असं काकांनीच मिटवलं.

दुरुस्ती अशी केली. आखूड सात गज काढले नाहीत, प्रत्येकाला लागून पूर्ण लांबीचा नवा गज बांधला. खुर्च्या १० मिमीच्या नव्या केल्या. खुर्चीची उंची अंदाजाने कापायची नसते: १२५ मधून वर-खालचे २०-२० मिमी कव्हर आणि दोन्ही जाळ्यांतल्या गजांची जाडी वजा केली की पन्नासेक मिमी उरतात, तेवढी खुर्ची. ती खालच्या जाळीवर बसते, प्लेटवर नाही. प्लेटवर टेकली तर पाय खालून उघडे राहून पुढे छतावर गंजाचे डाग येतात. खुर्च्या दोन-दोन फुटांवर, बीमच्या कडेला त्याहून जवळ. खाली फोडलेल्या फरशीचे तुकडे कव्हर म्हणून घातले होते, ते काढून सिमेंटचे २० मिमीचे ब्लॉक घातले. शहाबादीच्या तुकड्याची जाडी दोन ठिकाणी सारखी नसते आणि तो घसरतो.

एक सापळा या घरात नव्हता, पण पुष्कळ घरांत असतो. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून गॅलरी खोलीपेक्षा दीड-दोन इंच खाली घेतात. मग खोलीतून सरळ आलेला गज गॅलरीत कव्हरच्या बाहेर येतो, आणि फिटर तो वरून ठोकून बसवतो. तो बीमवर नीट वाकवून आणायचा असतो, आणि हे ड्रॉइंगमध्ये काढून घ्यायचं असतं.

दुपारी टेकू बघितले. गॅलरीखालचे टेकू घराबाहेरच्या जमिनीवर उभे राहतात, आणि आपल्याकडे ती जमीन म्हणजे पायाच्या खड्ड्यात परत लोटलेली काळी माती. स्लॅबवरचं पाणी ओघळून तिच्यावर पडलं की ती भुसभुशीत होते, टेकू बसतो आणि ओल्या स्लॅबला भिंतीजवळ वरून तडा जातो. टेकूंखाली सलग जाड फळ्या टाकल्या, पाचरी ठोकून खिळ्याने बांधल्या.

पाचला सुरुवात. त्याआधी खडीवर आणि प्लेटांवर पाणी मारलं, साचलेलं पाणी फडक्याने टिपलं. गजांवर पाय पडू नये म्हणून विटांवर फळ्या टाकून वाट केली आणि फिटरचा एक माणूस रात्रभर गॅलरीपाशीच ठेवला, उचलणीची सळई हातात देऊन. त्याचं काम एवढंच: गज दबला की वर घ्यायचा. माल पडायच्या क्षणी मी पुन्हा टेप लावली. बहुतेक ठिकाणी ४, दोन ठिकाणी पावणेचार.

साडेसातला हॅलोजन लागले आणि अपेक्षेप्रमाणे पाण्याचं भांडण झालं. पोत्यामागे २५ लिटर पाणी ठरलं होतं, पिंपावर खूणही केली होती. मिक्सरवाल्याने मधेच एक डबा वाढवला. हे वर उभं राहून ओळखता येतं: माल ढिगारा न धरता सपाट पसरतो, खडी वेगळी दिसते आणि प्लेटांच्या फटीतून राखाडी पाणी गळायला लागतं. ते गळतं ते सिमेंटच. पोत्याला पाच लिटर जास्त गेले तर ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने उतरते. माल घट्ट वाटला तर पाणी नाही, माल सैल करणारा प्लास्टिसायझर. तोही डब्यावर लिहिलेल्या मापानेच. व्हायब्रेटरची सुई उभी घालायची, दहा-पंधरा सेकंद, दीड फुटावर पुढची जागा. सुईने माल ओढत नेला की खडी एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं. ताकद तपासायला मालाचे सहा क्यूब, म्हणजे ठोकळे, भरून घेतले, तीन ७ दिवसांचे, तीन २८ चे.

नऊच्या सुमाराला काका वर आले. "साहेब, गॅलरीत झोपाळ्याला कडी राहिलीच की ओ." ती गॅलरी तळमजल्यावरच्या ओसरीचं छत होणार होती, त्यामुळे प्रश्न रास्त होता. झोपाळा गॅलरीच्या पत्र्यासारख्या स्लॅबला टांगायचा नाही, हलणारा भार टोकाला नको. पुढच्या खोलीच्या बीममध्ये अजून माल पडायचा होता. १६ मिमीच्या गजाचे दोन हूक बीमच्या वरच्या गजांवरून वळवून खाली काढले. झोपाळा ओसरीऐवजी खोलीत आला. काकूंना हे पटलेलं नाही, अजूनही.

साडेअकराला संपलं. शेवटच्या भागावर रंधा फिरवून तासाभरात ओली गोणपाटं टाकली; रात्र असली तरी मे महिन्यातला कोरडा वारा पहिल्या काही तासांतच बारीक तडे पाडतो. सकाळी मातीचे आणि वाळूचे बांध घालून पाणी साठवलं. हिशोब आधी करून ठेवा: १,००० चौरस फुटांवर २ इंच पाणी म्हणजे ४,७०० लिटर, एक टँकर. त्यातलं दिवसाला सेंटिमीटरभर उडालं तर रोज हजारेक लिटर पुन्हा भरायला लागतं. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात ही सोय स्लॅबच्या आधीच करावी लागते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला ७ दिवस पाणी, कोरड्या-तापत्या हवेत किंवा राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १०. आपण १४ धरलेले बरे. गॅलरी मात्र लोक विसरतात, कारण तिच्या कडेला बांध घालायला जागा नसते. तिच्यावर भिजलेली गोणपाटं आणि दिवसातून चार वेळा पाणी.

खोल्यांचे टेकू १४ दिवसांनी काढले. गॅलरीचे २८ दिवस ठेवले, क्यूबचा निकाल हातात येईपर्यंत, आणि वरचा कठडा त्यानंतरच बांधायला दिला. टेकू काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे यायचं. भिंतीकडचे आधी काढले आणि टोकाचे राहिले, तर गॅलरी तेवढ्यापुरती दोन्ही टोकांना टेकते, मधे खाली वाकते, आणि खालच्या बाजूला तर मुख्य गज नसतातच. गडी नेमके उलटं करतात, कारण भिंतीजवळ सावली असते. टोकाचा पहिला टेकू निघाला तेव्हा दोरी लावून बघितलं. गॅलरी दोन मिमी खाली आली होती. कठडा झाल्यावर पुन्हा बघितली, तिथेच होती.