जयकांत शिक्रेच्या तोडीचा कोणी नाही

२०११ चा ‘सिंघम’ आजही पुन्हा पाहावासा वाटतो, याचे मोठे श्रेय प्रकाश राज यांनी साकारलेल्या खलनायक जयकांत शिक्रेला द्यावे लागते. जामिनाच्या अटीप्रमाणे शिवगडच्या पोलीस ठाण्यात सही करायला स्वतः जाणे त्याला कमीपणाचे वाटते, म्हणून तो आपली माणसे पाठवतो. तिथला निरीक्षक बाजीराव सिंघम मात्र त्यालाच यायला भाग पाडतो, आणि गावासमोर झालेला तो पाणउतारा जयकांतला काही केल्या पचत नाही. पुढचा सारा संघर्ष या एका सहीतून उभा राहतो. तो सिंघमची बदली गोव्यात, आपल्या मुलखात करवून घेतो आणि शिवगडमध्ये ज्याच्या पाठीशी अख्खे गाव होते, तो अधिकारी विकल्या गेलेल्या वरिष्ठांमध्ये एकटा पडतो. नोकरी सोडून गावी परतावे, असे त्याच्या मनात येऊ लागते. त्याला असे हतबल झालेले आपण पाहतो, म्हणूनच त्याचे पुन्हा उभे राहणे खरे वाटते.

‘सिंघम रिटर्न्स’ या दुसऱ्या भागाने माझी घोर निराशा केली ती इथेच. तो १५ ऑगस्ट २०१४ रोजी प्रदर्शित झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येला तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते आणि जादूटोणाविरोधी कायदा नुकताच, डिसेंबर २०१३ मध्ये, संमत झाला होता. अशा वेळी राजकारण्यांशी साटेलोटे असलेला भोंदू बाबा हा विषय हाती येणे ही किती मोठी संधी होती! बाबाची ताकद भक्तांच्या श्रद्धेत असते. ती श्रद्धा कशी निर्माण होते, तिच्या आडून माणसे गप्प कशी बसवली जातात, हे दाखवले असते तर प्रेक्षक खरोखर धास्तावला असता. पडद्यावरचा बाबा मात्र लोकांसमोर सोज्वळ आणि दाराआड दुष्ट, एवढाच राहतो. त्याला नेमके काय हवे आहे आणि काय गमावण्याची भीती वाटते, ते शेवटपर्यंत उमगत नाही. सोबतचा राजकारणी प्रकाश राव तर लक्षातही राहत नाही.

प्रतिस्पर्धी असा पोकळ असला की नायकही डळमळतो. शिवगडचा निरीक्षक अवघ्या तीन वर्षांत मुंबईत पोलीस उपायुक्त कसा झाला, याचा समाधानकारक उलगडा होत नाही, हे एक वेळ सोडून देता येईल. पण ज्याला वर्दी प्राणप्रिय, तोच ती उतरवून सहकाऱ्यांसह बनियनवर बाबावर चालून जातो आणि अखेरीस आरोपींच्या व्हॅनवर पाण्याचा टँकर आदळवून ‘अपघात’ घडवला जातो, हे मला मुळीच पटले नाही. कायदा पहिल्या भागातही शेवटी बाजूलाच पडतो आणि तेही मला मान्य नाही. परंतु सिंघम तिथवर कोणत्या वाटेने पोहोचला, ती वाट तिथे दिसते.

याचा दोष बाबाची भूमिका करणाऱ्या अमोल गुप्ते यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ‘कमीने’मध्ये (२००९) त्यांनीच रंगवलेला भोपे आठवावा. परप्रांतीयांविरुद्ध राजकारण करणारा हा माणूस बहिणीचे लग्न बिल्डरच्या मुलाशी लावू पाहतो आणि तिने निवडलेला मुलगा उत्तर प्रदेशचा निघाल्यावर त्याचे घर आणि राजकारण एकाच फटक्यात धोक्यात येते. त्याचा संताप हास्यास्पदही वाटतो आणि भीतिदायकही, कारण तो कशासाठी पेटला आहे, हे आपल्याला पुरते ठाऊक असते.