अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त फसवतात

हरि नारायण आपट्यांची ‘उषःकाल’ आणि त्या वळणाच्या जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायला घेतल्या तेव्हा धास्ती होती फारसी शब्दांची. पण ‘खलिता’ अडला की आपण कोश उघडतोच. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांनी. ‘मोर्चे लावले’ म्हणजे घोषणा देत कोणी निघालेले नाही. किल्ल्यावर मारा करायच्या जागा धरल्या आहेत. ‘हवालदार’ चौकीवरचा पोलीस नव्हे, गडाचा मुख्य अधिकारी. ‘दप्तर’ पाठीवरचे नाही, कागदपत्रांचे. वाक्य समजल्यासारखे वाटते आणि दोन पानांनंतर काहीच जुळत नाही.

मग मी पद्धत बदलली. पहिली तीसेक पाने कोशाला हात न लावता, पेन्सिल घेऊन वाचायची. अडलेल्या शब्दाखाली रेघ. ओळखीचा पण वाक्यात खटकणारा शब्द असेल तर समासात फुली. प्रत्येक शब्दाला थांबले की कथानक हातचे जाते. दुसऱ्या वाचनात बऱ्याच रेघा संदर्भानेच सुटतात. फुल्या मात्र सुटत नाहीत, म्हणून कोशात आधी त्या बघायच्या.

कोशांपैकी पहिला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, कारण त्यात व्युत्पत्ती आणि वापराचे दाखले मिळतात. मग मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती; अर्थ इंग्रजीत आहेत, पण ती आपट्यांच्या काळाला जवळची. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. फारसीसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५चा ‘फार्शी-मराठी कोश’. शब्द सापडत नसेल तर आधी अनुस्वार तपासा. आजचे ‘केळे’ जुन्या कोशात ‘केळें’ असते, आणि ‘नाव’ शोधाल तर होडी मिळेल. माणसाचे ते ‘नांव’.

शब्द लक्षात ठेवायला कार्डे करताना एक शब्द, एक कार्ड असे केले की ढीग होतो आणि डोक्यात काही राहत नाही. मी कुळे लावतो. ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, मूळ फारसी ‘नवीस’: चिटणीस, फडणीस, सबनीस एकाच कार्डावर. ‘खाना’ म्हणजे जागा: तोफखाना, पीलखाना, जामदारखाना. जोड्या समोरासमोर: शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येतो, बारगीराला ते सरकारी पागेतून मिळते. मागच्या बाजूला अर्थाआधी कादंबरीतले वाक्य उतरवायचे. नुसता अर्थ आठवडाभरात उडून जातो. दिवसाला दहापेक्षा जास्त नवे शब्द नकोत. उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी.

वेळेच्या शब्दांना मात्र कार्ड पुरत नाही, आकडेमोड करावी लागते. घटका २४ मिनिटांची, अहोरात्रात ६०. प्रहर तीन तासांचा. ‘चार घटका रात्र उरली असता’ म्हणजे सूर्योदयाला ९६ मिनिटे बाकी. सूर्य सहाला उगवत असेल तर साडेचारच्या आत, म्हणजे प्रसंग मिट्ट काळोखात घडतो आहे. शिवाय वार बदलतो सूर्योदयाला, मध्यरात्री नव्हे. त्यामुळे पात्राच्या हिशेबी अजून सोमवारच चालू असतो, आपल्या कॅलेंडरवर मात्र मंगळवार लागलेला असतो.