बाबांचं वेबली

रविवार, रात्री

दादाला आज फोनवर सांगून टाकलं. बाबांचं वेबली रिव्हॉल्व्हर मी माझ्या लायसन्सवर चढवून घेणार नाही. तो बराच वेळ काही बोललाच नाही. आईने आणि त्याने ना-हरकत लिहून दिली ती मी नेमबाजी करते म्हणून, त्यामुळे त्याला लागलं असणार.

पण कायद्याने दोनच शस्त्रं ठेवता येतात. २०१९च्या दुरुस्तीआधी तीन चालायची. आता वारसाने आलेलंही त्या दोनातच धरतात. वेल्ह्याच्या शेतावरची बारा बोअरची बंदूक हवीच, म्हणजे रिव्हॉल्व्हर एकच.

काल डीलरकडे वेबली आणि माझं कानपूरच्या कारखान्याचं रिव्हॉल्व्हर, दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. बाबा गेल्यापासून वेबली तिथेच जमा आहे. दोन्ही बत्तीस बोअरची, दोन्ही सहा गोळ्यांची. खटका दाबला की नळी खाली झुकते आणि झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात. माझ्या कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची घडण मुळात वेबलीचीच. काडतूसही तेच, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६ सालापासूनचं. धक्का कमी आणि नेम सरळ, म्हणून पंचवीस मीटर सेंटर-फायर स्पर्धेतले नेमबाज आजही ते वापरतात.

वेबलीचा चाप काय सुरेख! लोण्यातून सुरी जावी तसा मागे येतो. माझ्या कानपुरीचा कडक, बोट दुखतं. मन तिथेच अडकलं होतं. मग डीलरने चाप मागे ओढून धरला आणि सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता भाग, बोटाने हलवून दाखवलं. चांगलंच डुगडुगत होतं. टॉर्च लावली तर गोळीचं एक घर नळीच्या तोंडाशी जुळतच नव्हतं. अशा वेळी गोळीचं शिसं कडेला तासलं जातं आणि कपचे बाजूला उडतात. सुटे भाग आता मिळत नाहीत. हे घेऊन मी रेंजवर नेमाने कशी जाणार?

आणि ज्याच्यावर नेमाने हात बसलेला नाही ते घरात ठेवून रात्री-अपरात्री काय कामाचं? कोथरूडच्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मुलं झोपलेली असतात. न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, पण गरजेपुरत्याच बळाचा. ती गरज ओळखायला डोकं मोकळं हवं, आणि हात सरावाचा असला तरच डोकं मोकळं राहतं. वेगळं घरासाठी, वेगळं सरावासाठी, हे मला पटत नाही.

निर्भीक रिव्हॉल्व्हरचाही विचार केला होता. टायटॅनियमचं, अर्ध्या किलोच्या आसपास. पण हलकं हत्यार हातात जास्त उडतं. माझं जड आहे तेच बरं.

शेवटी दादाच म्हणाला, बाबांच्या रेंजवरच्या एका मित्रांना विचारू. त्यांच्या लायसन्सवर एकच शस्त्र आहे, जुन्या वेबलीची हौस आहे, आणि ते काही रोज झाडणार नाहीत. उद्या मी त्यांना फोन करते. सिलिंडर हलतंय, हे आधी सांगायचं, मग बाकीचं बोलणं.